आंबा घाटातला दिवा

कोल्हापूरहून रत्नागिरीला जाणारा रस्ता सुमारे १३० किलोमीटरचा आहे. मुंबईच्या माणसाला हे अंतर फारसे वाटणार नाही. पण एवढ्याशा अंतरात हा रस्ता जितके मुलूख दाखवतो, तितके आगगाडीच्या रात्रभराच्या प्रवासातही पाहायला मिळत नाहीत. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस उभा राहतो. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळांची धुराडी पेटू लागलेली असतात आणि रसाचा गोडसर, किंचित करपट वास वाऱ्याबरोबर अंगावर येतो. मग उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसू लागतो, पुढे पन्हाळ्याचा फाटा लागतो. बांबवडे मागे पडले की ऊस विरळ होऊन भात वाढतो. मलकापूर आले की डोंगर अंगाशी येतात, आणि आंब्याला पोचेपर्यंत माणूस झाडीत शिरलेला असतो. तिथून घाट उतरला की कोकण: तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, आणि हवेत एकदम जाणवणारा दमटपणा.

हा रस्ता दिवसा पाहावा. अलीकडच्या वर्षांत त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाल्यापासून जागोजाग माती, खडी आणि वळवलेली वाट यांचाही पाहुणचार घ्यावा लागतो, म्हणून तर खासच दिवसा. पण दिवाळीला घरी जाणाऱ्या माणसाला वेळ निवडण्याची मुभा नसते. कचेरी सुटेल तेव्हा निघायचे आणि रस्ता नेईल तेव्हा पोचायचे. त्यातून दिवाळीचे दिवस म्हणजे वद्य पक्षाचा शेवट. कोजागरीचा चंद्र पार झिजून गेलेला असतो. संध्याकाळी आकाशात त्याचा पत्ता नसतो. उगवतो तो पहाटेच्या जरा आधी, तोही नखाएवढा. आपला हा दिव्यांचा सण वर्षातल्या अगदी काळ्याकुट्ट रात्री येतो, हे शहरात कधी ध्यानात येत नाही. ते ध्यानात यायला आंबा घाटाच्या तोंडाशी उभे राहावे लागते.

आम्ही निघालो ते धनत्रयोदशीच्या दिवशी दुपारी. आम्ही म्हणजे मी आणि आमचे भाचेराव. घाट उतरून साखरप्याच्या पुढे, काजळी नदीच्या अंगाने आमचे जुने घर आहे. तिथे आत्या एकटी राहते. वय ८२. गेली कित्येक वर्षे “यंदाची शेवटची दिवाळी हो” असे म्हणायची तिची प्रथा आहे, आणि आम्हीही ते ऐकून घेतो. पण यंदा ते खरे होते. गुडघ्यांनी जवाब दिला होता, विहिरीचे पाणी ओढवत नव्हते, आणि भाऊबीज झाली की घराला कुलूप घालून तिने आमच्याकडे कोल्हापूरला यायचे हे ठरले होते. त्या घरातले पहाटेचे अभ्यंगस्नान, चुलीवरचा पाण्याचा हंडा, ओसरीवरचे पाट, हे सारे एकदाच उरले होते. तेव्हा नरकचतुर्दशीच्या पहाटेपूर्वी तिथे पोचणे आम्हाला भाग होते. एस. टी.ला सणाची गर्दी, आणि भाचेरावांची रजा दुपारपासून. म्हणून त्यांच्या मोटारसायकलवरून जायचे ठरले.

माझ्या तरुणपणी मोटारसायकलला फटफटी म्हणत आणि तिच्या दिव्याचे स्वभाव निराळे असत. पुष्कळशा जुन्या गाड्यांत पुढच्या दिव्याला वीज मिळे ती बॅटरीकडून नव्हे, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाजवळच्या कॉइलमधून. त्यामुळे इंजिन बंद असले की दिवा बंद. इंजिन रेंगाळले की दिवा पणतीसारखा मिणमिणे आणि ॲक्सिलरेटर पिळला की झगझगे. घाटात खड्डा आला म्हणून वेग कमी करावा, तर नेमका त्याच वेळी उजेडही कमी! आताच्या बहुतेक गाड्यांचा दिवा बॅटरीवर चालतो, त्यामुळे ती तक्रार राहिली नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाक्यांना आपोआप लागणारा दिवा सक्तीचा झाला. इंजिन चालू झाले की पुढचा दिवा लागलाच पाहिजे, मग भर दुपार का असेना. असल्या गाडीला पुढचा दिवा बंद करण्याचे बटणच नसते. समोरून येणाऱ्याला दुचाकी लांबून दिसावी, एवढाच त्यातला हेतू.

पण आपले लोक परोपकारी. दिवसा दिवा लावून कोणी चालला आहे असे दिसले की हाताची मूठ उघडमीट करून ते त्याला सांगतात, “अहो, दिवा चालू राहिलाय!” कोल्हापूरपासून आंब्यापर्यंत आठ जणांनी आम्हाला अशी सूचना केली. भाचेराव चिडत होते. मी मात्र प्रत्येकाला मान लववून आभार मानत होतो. या आठ परोपकारी माणसांचा पुढे आम्हाला उपयोग व्हायचा होता, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

मलकापूरच्या पुढे रस्त्याला शांतता येते. कडवी नदीच्या खोऱ्यातली भातखाचरे कापणीला आलेली असतात. काही ठिकाणी उडव्या रचलेल्या, काही ठिकाणी पीक अजून उभे, पिवळे, वाकलेले. ओहोळांतून अजून पाणी खळखळत असते. इथून विशाळगड जवळ. १६६० सालच्या जुलै महिन्यात पन्हाळ्याचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज विशाळगडाकडे गेले ते याच मुलखातून, भर पावसात, रात्रीतून. आणि बाजीप्रभूंनी आपला देह ठेवला ती खिंड या डोंगरांतच आहे. वीजबत्तीच्या जमान्यात आपण त्या रात्रीबद्दल वाचतो, तेव्हा तलवारी डोळ्यांपुढे येतात. अंधार डोळ्यांपुढे येत नाही. त्या माणसांनी तो चिखल, ती झाडी आणि ती चढण पायांनीच चाचपत पार केली असेल.

आंब्याला पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. जरा पाठ मोकळी करावी म्हणून एका हॉटेलापाशी थांबलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि भजी तळणारी कढई. दोन कप चहा आणि एक बशी भजी झाली. तेवढ्यात सहा वाजून गेले. डोंगरातली संध्याकाळ शहरासारखी रेंगाळत नाही. पडदा टाकावा तशी ती एकदम संपते. आम्ही उठलो. भाचेरावांनी किल्ली फिरवली, सेल्फचे बटण दाबले. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झाले. पण पुढचा दिवा काही लागला नाही.

त्यांनी इंजिन बंद केले, पुन्हा चालू केले. दिवा नाही. दिव्यावर दोन थापटा मारल्या. हा उपाय आमच्या घराण्यात रेडिओपासून चालत आलेला आहे. तरीही दिवा नाही.

“बल्ब उडाला, मामा,” भाचेराव म्हणाले. “रत्नागिरीला गेल्यावर नवा घालू. हा घाटच तेवढा उतरायचाय. एखाद्या ट्रकच्या मागे मागे जाऊ. नाहीतर माझा मोबाइल तुम्ही पुढे धरा.”

हॉटेलवाल्याने कढईवरची नजर न काढता सांगितले, “पाव्हणं, लाइट न्हाई तर खाली उतरू नगा. हितंच पथारी टाका. सकाळी जावा.”

इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ४० किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे. पण त्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाचा एखादा सेकंद तरी मोडतो. म्हणजे ब्रेक दाबण्याआधीच ११ मीटर संपले, आणि गाडी थांबायला आणखी अंतर हवे ते निराळेच. मोबाइलचा उजेड चार-सहा पावलांपुढे जात नाही. त्याच्या भरवशावर घाट उतरणे म्हणजे दिसेपर्यंत आदळणे. ट्रकच्या मागे जावे, तर ट्रक आपल्याला त्याचे मागचे तांबडे दिवे दाखवतो, रस्ता दाखवत नाही. त्याच्या चाकांमधून सुटलेला खड्डा थेट आपल्याच वाट्याला येतो. आणि मागून येणारा? त्याला आपला मागचा दिवा दिसेल. पण वळणावर समोरून चढणाऱ्याला आपण दिसणारच नाही, हे त्याहून वाईट.

मी भाचेरावांना म्हटले, “दिवा लागला तर जायचं. नाही लागला तर इथे मुक्काम. आत्याला फोन लावून ठेव.”

फोन लागला. आत्या म्हणाली, “अंधारातून मुळीच येऊ नका. मी पहाटे तुमची वाट पाहीन आणि नाही आलात तर तुमच्या नावाने तेल ठेवीन.” तिने सांगितले ते शहाणपणाचे होते. पण तिच्या आवाजातला तो ‘नाही आलात तर’ दोघांनाही लागला. भाचेराव गप्प झाले.

हॉटेलवाल्याने कढई खाली उतरवली आणि पोराला हाक मारली, “जा रं, मिस्त्रीला बोलाव. कालच आलाय दिवाळीला.”

मिस्त्री म्हणजे गावातलेच एक पोक्त गृहस्थ. कोल्हापुरात गॅरेजमध्ये नोकरी, सणाला घरी आलेले. अंगात स्वच्छ सदरा, कपाळाला गंध. पूजा आटोपून आले असावेत. हातात एक लहानशी पिशवी. माझी अशी समजूत होती की ते येताच पाने काढून दिवा खोलायला बसतील. त्यांनी तसे काही केले नाही. जुन्या वैद्याने रोग्याला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारावेत, तसे ते बाकड्यावर बसून विचारू लागले.

“हॉर्न वाजतोय? मागचा लाइट? इंडिकेटर?”

सगळे चालू होते.

“मंग बॅटरी हाय, मेन फ्यूज हाय. त्येंच्याकडं बगायचं न्हाई. अप्पर-डिपर करून बगितलं?”

भाचेरावांनी करून दाखवले. दोन्हीकडे अंधार.

“बल्बात दोन तारा असत्यात,” मिस्त्री म्हणाले. “एक जवळच्या उजेडाची, एक लांबच्या. एक तार गेली तर दुसरी लागती. दोन्ही एकदम जायचं म्हंजे दोन सख्ख्या भावांना एका दिवशी ताप येण्यागत. येतो, पण लई वेळा न्हाई. आता ते पासचं बटण दाबा.”

समोरच्याला इशारा देण्यासाठी डाव्या मुठीजवळ एक बटण असते. ते दाबून धरले की लांबचा दिवा तेवढ्यापुरता लागतो. भाचेरावांनी ते दाबले, आणि समोरच्या झाडावर पांढरा झोत पडला! सोडले की गेला. दाबले की आला.

“लागला!” भाचेराव ओरडले. “मामा, चला. मी अंगठा दाबून धरतो. घाट संपेपर्यंत सोडतच नाही!”

तरुण रक्ताला मार्ग सुचतो तो हा असा. त्यात गैर काय, तेही सांगतो. ते बटण डाव्या अंगठ्याचे, आणि क्लचही डाव्याच हाताचा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायचे, म्हणजे क्लच वरचेवर लागणार. शिवाय हॉर्न त्याच अंगठ्याखाली. एक अंगठा तीन कामे करू लागला की तिन्ही बिघडतात. आणि लांबचा झोत सतत ठेवला, तर समोरून चढणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तो भाल्यासारखा जातो. आंधळा झालेला तो ट्रक आपल्याच अंगावर यायचा. मिस्त्रींनी एवढे व्याख्यान दिले नाही. ते नुसते म्हणाले, “दवा न्हाई ती. ती खूण हाय.”

आणि खरोखरच ती खूण होती. पासच्या बटणाची वीज बऱ्याच गाड्यांत निराळ्या वाटेने थेट दिव्याकडे जाते. त्या वाटेने दिवा लागला, याचा अर्थ बल्ब शाबूत, होल्डर शाबूत आणि अर्थिंगही शाबूत. पाच मिनिटांपूर्वी ज्याच्या नावाने बोटे मोडली, तो बल्ब निर्दोष सुटला. दोष होता तो मागे, किल्लीपासून डिपरच्या बटणापर्यंतच्या रोजच्या वाटेवर कुठेतरी.

मग मिस्त्री त्या वाटेने निघाले. सीट काढली. फ्यूजची डबी उघडून दिव्याचा चपटा तांबडा फ्यूज काढला आणि उजेडाकडे धरला. आतली तार सलग होती. “तांबडा म्हंजे १० अँपिअर, निळा म्हंजे १५,” त्यांनी भाचेरावांना सांगितले. “तांबड्याच्या जागी तांबडाच घालायचा. काही लोक तार बांधत्यात. फ्यूज उडतो ते आपल्याला वाचवायला. तार बांधली की फ्यूज ऱ्हातो आन् वायरिंग जळतं.” मग शेजारीशेजारी बसलेले दोन सारखे रिले काढून त्यांनी आपसांत बदलून पाहिले. दिव्यात फरक नाही. दुसरे कामही बंद पडले नाही. म्हणजे रिलेही सुटला.

आता मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, आणि मला वाटते त्या संध्याकाळचा खरा शोध त्या प्रश्नातच होता.

“हितं थांबला तवा लाइट चालू व्हता का बंद?”

भाचेराव माझ्याकडे पाहू लागले. दिवसाउजेडी पुढचा दिवा कोण पाहतो? पण मला ते परोपकारी लोक आठवले. आठवा गृहस्थ आंब्याच्या अलीकडे दीड-दोन मैलांवर भेटला होता. बैलगाडीत उभा राहून त्याने मूठ उघडमीट करून दाखवली होती. “चालू होता,” मी ठामपणे सांगितले.

“थांबला तवा व्हता. चालू केली तवा न्हाई. मंग मधी काय घडलं?”

“काहीच नाही. सेल्फ मारला,” भाचेराव म्हणाले.

“तेच घडलं,” मिस्त्री म्हणाले आणि पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला.

सेल्फची मोटर इंजिनाला पहिला धक्का देते तेव्हा बॅटरीवर मोठा भार पडतो. दिव्याला ३५ वॅटच्या बल्बापोटी सुमारे ३ अँपिअर लागत असतील, तर त्या मोटरला त्याच्या कितीतरी पट. म्हणून पुष्कळ गाड्यांत अशी योजना असते की सेल्फचे बटण दाबले की तेवढ्या क्षणापुरती दिव्याची वाट तुटते आणि सगळी वीज मोटरला मिळते. बोट सोडले की बटण स्प्रिंगने परत आपल्या जागी येते आणि दिव्याची वाट पुन्हा जुळते. ही जुळणी होते ती बटणाच्या पोटातल्या हरभऱ्याएवढ्या दोन धातूच्या टिकल्यांनी. दर वेळी गाडी चालू करताना त्यांच्यात एक लहानशी ठिणगी पडते. ठिणगीने काजळी धरते. त्यात चार महिन्यांचा पाऊस आणि रस्त्याची धूळ. बटण परत येते खरे, पण टिकली टिकलीला भेटत नाही.

टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी लावलेला एक साधा बल्ब. त्याची एक वायर मिस्त्रींनी गाडीच्या उघड्या लोखंडाला लावली आणि इंजिन चालू ठेवून दुसरीचे टोक बटणात येणाऱ्या वायरीला टेकवले. बल्ब लागला. मग ते टोक बटणातून बाहेर जाणाऱ्या वायरीला टेकवले. अंधार.

“हितं हाय, हितं न्हाई,” ते म्हणाले. एवढेच वाक्य. साऱ्या वीजशास्त्राचे सार त्यात आले.

इंजिन बंद केले, किल्ली काढली. गाडीखाली त्यांनी हॉटेलवाल्याचा जुना पंचा पसरला, कारण त्या बटणातली स्प्रिंग उडून अंधारात गेली की कोकणातच सापडायची. दोन स्क्रू काढून उजव्या मुठीजवळची ती डबी उघडली. मी मोबाइलचा उजेड धरला होता. आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढला होता, आणि टिकल्या काळ्या पडल्या होत्या. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कसे कळंकते, तशी त्या बटणाची अवस्था होती. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरचा तुकडा टिकल्यांवरून दोनदा, हलक्या हाताने फिरवला. “जास्त घासलं तर पत्रा पातळ होतो,” ते म्हणाले. मग कोरड्या फडक्याने पुसले, स्प्रिंगची टोके सरळ केली, स्क्रू पिळले.

भाचेरावांनी किल्ली फिरवली. बटण दाबले. सोडले.

दिवा लागला. हॉटेलातली चार माणसे बाकड्यावरून उठून पाहू लागली. भजीची कढई पुन्हा चुलीवर चढली. मिस्त्रींनी लगेच जाऊ दिले नाही. त्यांनी गाडी पाच वेळा बंद करून पाच वेळा चालू करायला लावली. पाचही वेळा दिवा लागला. मग शेडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून जवळचा आणि लांबचा झोत पाहिला. मी खिशात हात घातला तेव्हा त्यांनी तो धरला. “आज लक्ष्मीचा दिवस. पैसं नगा. येताना थांबा, च्या पाजा.” आणि भाचेरावांना म्हणाले, “कोल्हापुरात ते बटण नवीन घाला. आता केलं ते घरी पोचण्यापुरतं.”

रात्रीचा आंबा घाट मी पुष्कळदा पाहिला आहे, पण त्या दिवशीसारखा नाही. मोटारसायकलचा दिवा हॅण्डलबरोबर वळतो. वळणावर आधी तो दरीकडे जातो. तिथे काहीच नसते, नुसता काळोख, आणि झोत त्यात विरघळून जातो. मग हॅण्डल फिरते आणि कठड्याचे दगड, डोंगराची ओली भिंत, तिच्यावरचे नेचे, असे एकेक उजेडात येतात. आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी पंचवीसच्या वेगाने उतरत होतो. समोरून गाडी आली की भाचेराव न सांगता डिपर देत होते. तासापूर्वी आमची तिकडे उजेडाशिवाय जायची तयारी होती, यावर त्यांचाच विश्वास बसत नसावा, कारण मधेच एका वळणावर ते मोठ्याने म्हणाले, “मामा, इथे तर कठडाच नाही!” मी काही बोललो नाही. दिव्याने सांगितले ते पुरेसे होते.

घाट संपला आणि हवा बदलली. साखरपा आले. दुकानांतून आकाशकंदील लोंबत होते, फटाक्यांची माळ कुठेतरी तडतडत होती. मग पुन्हा झाडी, पुन्हा अंधार, आणि डाव्या-उजव्या हाताला लांबवर एखाद्या घरापुढची पणत्यांची ओळ. घरी पोचलो तेव्हा आत्या ओसरीवर बसून होती. विजेचा दिवा होताच, पण शेजारी तिने आपला जुना कंदीलही लावून ठेवला होता. वीज जाते, म्हणून.

पहाटे चार वाजता तिने आम्हाला उठवले. तेल, उटणे, हंड्यातले धुराच्या वासाचे पाणी, पायाखाली चिरडलेले कारीट, सारे यथासांग झाले. फराळाला बसलो तेव्हा तिने विचारले, “काय झालं होतं रे गाडीला?”

मी म्हटले, “विशेष काही नाही. एका बटणाला काजळी धरली होती.”

“मग रोजच्या रोज पुसावी की,” आत्या म्हणाली. तिला त्यात नवल वाटले नाही. वीज गावात येण्यापूर्वी दर तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने घासून, वात कापून ठेवण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. उजेड कमी झाला म्हणून तिने कधी कंदील फेकून दिला नाही, की तेलाला दोष दिला नाही. आधी काच पाहायची, मग वात, मग तेल. मिस्त्रींची रीत काही निराळी नव्हती. जे चालते आहे ते बाजूला ठेवायचे, आणि उजेड जिथवर येतो तिथपासून जिथे अडतो तिथवर एकेक पाऊल चालत जायचे.

ज्यांच्या घरी दुचाकी आहे त्यांनी सणासुदीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एवढे करावे. आदल्या संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून जवळचा-लांबचा झोत पाहावा. मूळच्याच अँपिअरचा एक जादा फ्यूज, आणि बल्ब बदलता येत असेल तर एक जादा बल्ब जवळ ठेवावा. हॅलोजन बल्बाच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागलेली जागा फाजील तापते आणि बल्ब लवकर जातो. नव्या एलईडी दिव्यांत बल्ब बदलायची सोय बहुधा नसते. तरी फ्यूज, बटणे आणि वायरींचे जोड त्यांनाही असतातच. आणि वाटेत दिवा गेलाच, तर आधी चहा मागवावा.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आत्याने घराला कुलूप घातले. तिच्यासाठी मोटार केली होती. सामान फार नव्हते: दोन ट्रंका, देवांचा डबा, आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेला तो कंदील. काजळीच्या पुलावर तिने मोटार थांबवायला लावली, पाण्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, “चला आता. उजेड आहे तोवर घाट चढू.”